रामशास्त्री पुणं सोडून गेले, त्यानंतर

श्रोतेहो, नमस्कार.

हुकूमशाही राजवटीत आधी काय सुधारावं, कायदा की राजकारण? एक बाजू म्हणते, आधी कोर्टं नीट करा, लोकांना कायद्याची सवय लागू द्या, निवडणुका मागाहून घ्या. मला हे पटत नाही. का पटत नाही, ते आपल्या क्षेत्र माहुलीच्या माणसाची गोष्ट सांगूनच सांगतो.

रामशास्त्री प्रभुणे, पेशव्यांचे न्यायाधीश. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. अवघ्या अठरा वर्षांचा पोर! 'ध'चा 'मा' तुम्हाला पाठच आहे, तो पुन्हा सांगत नाही. राघोबादादा पेशवे झाले. पेशवाईची वस्त्रं साताऱ्याच्या छत्रपतींकडून यायची, ती त्यांनाही रीतसर आली. म्हणजे कागदोपत्री सगळं बिनचूक. शास्त्रीबुवांनी मात्र खुनाचा माग काढत काढत तो थेट राघोबादादांपर्यंत नेला आणि तोंडावर सांगितलं, याला देहान्त प्रायश्चित्त.

वक्तृत्व स्पर्धांत मुलं इथेच थांबतात आणि टाळ्या घेतात. मी परीक्षक असलो की हटकून विचारतो, बाळा, पुढे काय झालं? बहुतेकांना सांगता येत नाही. पाठांतराला बक्षिसं देणं आपण आता बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर पुढे काय झालं? शास्त्रीबुवा पुणं सोडून वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. नीट ऐका. न्यायाधीश गेला आणि आरोपी गादीवर राहिला. निकाल अचूक होता, पण तो बजावणार कोण? राघोबादादांना गादीवरून हटवलं ते बारभाईंनी, म्हणजे त्यांच्याविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी. नाना फडणीस, सखारामबापू यांनी नारायणरावांच्या गरोदर विधवेला, गंगाबाईंना, पुरंदरावर नेलं, एप्रिल १७७४ मध्ये सवाई माधवराव जन्मले आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाच्या नावाने वस्त्रं आली. राजकारण फिरलं, तेव्हा शास्त्रीबुवा न्यायासनावर परत आले. आणि ती शिक्षा? ती कधीच झाली नाही. राघोबादादा १७८३ च्या अखेरीस कोपरगावला वारले.

आता चीन पाहा. तिथे १९८९ साली कायदा झाला, सरकारी अधिकाऱ्यावर नागरिकाला दावा लावता येऊ लागला. लोकांनी दावे लावले, काही जिंकलेही. पण जुलै २०१५ मध्ये हक्कांसाठी लढणाऱ्या वकिलांचीच धरपकड झाली. कायदा होता, कोर्टं होती, पण सत्तेला अडवणारं कुणी नव्हतं.

स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँको १९७५ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्याच संसदेने राजकीय सुधारणेचा कायदा मंजूर केला, लोकांनी कौल दिला आणि १९७७ च्या जूनमध्ये निवडणुका झाल्या. वाट कायद्याचीच होती, पण त्या कायद्याने सत्ताच हलवली. माझा मुद्दा एवढाच: ज्या कायद्याने राज्यकर्त्याच्या हातातलं काही सुटत नाही, त्याला मी सुधारणा म्हणत नाही.

लांब कशाला जायचं? आपल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी घ्या. गांधीजींच्या सल्ल्याने जानेवारी १९३९ मध्ये त्यांनी राज्यघटना दिली आणि कारभार ग्रामपंचायतींकडे, निवडून आलेल्या लोकांकडे सोपवला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत त्याच वर्षी उभी राहिली, कैद्यांना भिंतीविना राहता यावं म्हणून. तुरुंगाचा कायदा आणि राजाचा अधिकार, दोन्ही एकाच वेळी बदलले. आधी हे, मग ते, असं तिथे कुणी म्हटलं नाही.

नमस्कार.