रेनडिअर कुणाचे?

नमस्कार मंडळी. ‘नॉर्दर्न लाइट्स’च्या सहलीला जाणारं एखादं तरी कुटुंब हल्ली प्रत्येक सोसायटीत सापडतं. आकाशातल्या त्या हिरव्या उजेडाबद्दल मी आज बोलणार नाही. त्याचे फोटो तुमच्या व्हॉट्सॲपवर आधीच येऊन पडलेत. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत मधेच एक ओळ असते, ‘सामी संस्कृती व रेनडिअर सफर, दुपारचं जेवण समाविष्ट’. मी बोलणार आहे ती त्या एका ओळीबद्दल.

सामी हे युरोपच्या उत्तर टोकाचे मूळ रहिवासी. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा कोला द्वीपकल्प अशा चार देशांच्या सीमा त्यांच्या प्रदेशातून गेल्या आहेत. त्या सगळ्या प्रदेशाला ते सापमी म्हणतात. लोकसंख्या अंदाजे ८० हजार ते १ लाख, आणि त्यांतले रेनडिअर पाळणारे थोडेच. बाकीचे शिक्षक आहेत, मासेमार आहेत, ओस्लोत वकिली करणारेही आहेत. तुमच्या तिकिटावर ‘लॅपलँड’ लिहिलेलं असलं तरी समोरच्या माणसाला ‘लॅप’ म्हणू नका, तो शब्द त्यांना अपमानाचा वाटतो.

आता रेनडिअर. आपल्याला वाटतं, जंगलातलं हरीण पकडून बर्फावरच्या घसरगाडीला जुंपलंय. तसं नाही. नॉर्वेचे खरे रानटी रेनडिअर दक्षिणेकडच्या डोंगरांत. उत्तरेला रस्त्याच्या कडेला जो मोकाट दिसतो, त्याला मालक असतो. उन्हाळ्यात पाडसांना गोळा करून त्यांच्या दोन्ही कानांना सुरीने खुणेच्या खाचा पाडतात. प्रत्येक मालकाची खूण वेगळी आणि नोंदवलेली. जाणता पशुपालक धावत्या कळपातला कान वाचतो आणि सांगतो, हा माझा, तो माझ्या मावशीचा. एकच पथ्य पाळा, ‘तुमच्याकडे किती रेनडिअर आहेत?’ असं विचारू नका. पहिल्या भेटीत पगार विचारायची आपली सवय, त्यामुळे हा प्रश्न बसमधून उतरताच कुणीतरी टाकतोच!

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरापासून थोड्या अंतरावर बर्फात कुंपण घातलेली जागा असते. तुमच्या हातात खाद्याची बादली देतात. बादली दिसली की आठ-दहा रेनडिअर अंगावरच येतात. त्यांचं नाक जवळून बघा. गाईचं नाक ओलं, गुळगुळीत असतं; यांचं टोकापर्यंत लवेने झाकलेलं, कारण बर्फात तोंड खुपसून खायचं असतं. चालताना पायातून टक् टक् आवाज येतो, तो घोट्याजवळचा स्नायुबंध हाडावरून सरकतो त्याचा. डोळ्यांची गंमत तर आणखी वेगळी. बुबुळामागचा चकाकणारा पडदा उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि हिवाळ्यात निळा होतो. महिनोन् महिने अंधुक उजेडात राहायचं, तर मिळेल तो प्रकाश वापरायची ही सोय. शिंगं असलेले सगळे नर समजू नका. मोठे नर माजाचा हंगाम संपला की शिंगं टाकतात. हिवाळ्यात शिंगं मिरवतात त्या माद्या, आणि गाडी ओढणारे खच्ची केलेले नर. मादीला शिंगांचा उपयोगही असतो. बर्फ उकरून केलेला खड्डा दुसऱ्याने बळकावू नये म्हणून.

त्या खड्ड्यात असतं शेवाळासारखं दगडफूल. हिवाळ्यात त्यांचं मुख्य खाणं ते. कळप उन्हाळ्यात किनाऱ्यावर नि डोंगरांवर असतात आणि हिवाळ्यात आत, पठारावर येतात. का? पठारावर थंडी कडक आणि कोरडी असते. नॉर्वेतलं नोंदलेलं सर्वांत कमी तापमान, उणे ५१.४ अंश, याच भागातल्या कारास्योक गावाचं आहे, १८८६ सालचं. एवढ्या थंडीत बर्फ भुसभुशीत राहतो, खुराने उकरता येतो. पण हवामान बदलतंय आणि ऐन हिवाळ्यात मधेच पाऊस पडतो. मग गारठा येतो आणि बर्फावर काचेसारखा थर धरतो. खाली अन्न असूनही जनावर उपाशी. मग मालकाला गवत आणि गोळीखाद्य विकत आणून घालावं लागतं, तेही बर्फगाडीवर पेट्रोल जाळत. पर्यटकांची छावणी चालवणाऱ्या काही कुटुंबांचा हा खर्च तुमच्या तिकिटातून निघतो. सहल हा नुसता तमाशा आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

गाडीची सफर मात्र फार मोठं काही मनात धरून करू नका. रेनडिअर एकामागे एक बांधलेले, वेग आपल्या लग्नाच्या वरातीचा. बँड नाही, एवढाच फरक. मला ती फार आवडली. ज्यांना वेग हवा, ते फेब्रुवारीत ट्रॉम्सोच्या मुख्य रस्त्यावर होणाऱ्या शर्यती बघोत. तिथे माणूस स्कीवर उभा राहून मोकळ्या धावणाऱ्या रेनडिअरमागे ओढला जातो.

नंतर लाव्वूत, म्हणजे त्यांच्या तंबूत, नेतात. मध्ये चूल, माथ्यावर धुराला वाट, बसायला रेनडिअरची कातडी. जेवणाला बिदोस, म्हणजे रेनडिअरचं मांस, बटाटा आणि गाजर यांचा रस्सा. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा, बर्फात पोचल्यावर नाही. जेवण झालं की यजमान योइक गातात. योइकात बऱ्याचदा शब्द नसतातच. एखाद्या माणसाचा, डोंगराचा, जनावराचा स्वतःचा योइक असतो. आपण टाळ्या वाजवतो आणि बसकडे वळतो. पण मिशनऱ्यांनी हेच गाणं पाप ठरवलं होतं. सामींचे ढोल जप्त केले, जाळले. १६९२ साली आंडर्स पॉल्सन नावाच्या म्हाताऱ्या सामीवर ढोल वापरतो म्हणून जादूटोण्याचा खटला चालला. निकाल लागायच्या आत कोठडीतल्या दुसऱ्या कैद्याने त्याला मारून टाकलं. त्याचा ढोल पुढे डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला. कारास्योकच्या सामी संग्रहालयाकडे त्याची मालकी आली २०२२ साली. ढोलानंतर भाषेची पाळी आली. शाळेत मुलांना सामी बोलू द्यायचं नाही, हे नॉर्वेचं धोरण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललं. नॉर्वेच्या संसदेने त्याबद्दल माफी मागितली नोव्हेंबर २०२४मध्ये. म्हणून छावणीत विशीतला मुलगा किंवा मुलगी योइक गाते, तेव्हा ती कुणाकडून शिकली ते विचारा. हा प्रश्न चालतो.

आता थोडं कटू. सहलीत ‘सामी’ म्हणून जे विकतात ते सगळं सामींचं नसतं. इग्लू हे इन्यूट लोकांचं, म्हणजे ग्रीनलंड-कॅनडाकडचं. हस्कीची गाडीही सामींची परंपरा नाही. उलट कुत्र्यांच्या भुंकण्याने कळप बिथरतात. फिनलंडमध्ये आणखी एक गोष्ट. नॉर्वे-स्वीडनमध्ये रेनडिअर पाळण्याचा हक्क जवळजवळ सामींपुरताच आहे, फिनलंडमध्ये तसं बंधन नाही. त्यामुळे रोव्हानिएमीजवळचा कळप फिनिश कुटुंबाचा असू शकतो. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते नकली गाक्ती, म्हणजे सामींचा पोशाख, चढवून सामी असल्याचं सोंग करणं. गाक्तीच्या किनारीवरून गाव नि घराणं ओळखतात. फिनलंडच्या सामी संसदेने २०१८ साली पर्यटनासाठी नियमावली काढली ती या सोंगांना कंटाळूनच. बुक करताना एकच विचारा, छावणी कुणाची आहे आणि कळप कुणाचा? नीट उत्तर न देणाऱ्या एजंटाला मी तरी पैसे देत नाही.

रेनडिअरपेक्षाही मोठा वाद जमिनीचा आहे. नॉर्वेत फोसेन नावाच्या भागात सामींच्या हिवाळी चराईवर १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. फिरत्या पात्यांच्या आसपास कळप फिरकत नाहीत. ऑक्टोबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, या परवान्यांमुळे सामींच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग झाला. पवनचक्क्या मात्र फिरतच राहिल्या. निकालाला ५०० दिवस झाले तेव्हा सामी तरुणांनी ओस्लोत जाऊन मंत्रालयाची दारं अडवली. हरित ऊर्जा म्हटली की आपण डोळे मिटून टाळ्या वाजवतो, मीही त्यातलीच. त्या जमिनीवर चरायचं कुणी हा प्रश्न मला तिथे जाईपर्यंत सुचला नव्हता.

मघाशी कुणीतरी चिठ्ठी पाठवली आहे, जायचं कधी? डिसेंबरात ट्रॉम्सोला सूर्य उगवतच नाही. ते बघायची हौस असेल तर जा, पण रेनडिअर नीट दिसायचे तर फेब्रुवारी-मार्च बरा. ६ फेब्रुवारी हा सामींचा राष्ट्रीय दिवस, त्या दिवशी गाक्ती खऱ्या अंगांवर दिसतात. त्याच सुमारास स्वीडनमध्ये योक्कमोक्कला हिवाळी बाजार भरतो, १६०५पासून. चाकू, चामड्याच्या वस्तू, सुकं मांस, आणि भेटायला आलेले नातेवाईक. गाव छोटं आहे, खोल्या फार आधीच संपतात, तेव्हा पुढच्या वर्षी जायचं असेल तर या महिन्यातच चौकशीला लागा.