कमी खाल्लं तर जास्त जगता येतं का?

नमस्कार. १९३५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांना पोषण पूर्ण, पण कॅलरी कमी दिल्या. ते उंदीर जास्त जगले. तेव्हापासून प्रश्न एकच, माणसाला हे लागू पडतं का?

ऱ्हीसस माकडांवर अमेरिकेतच दोन मोठे प्रयोग झाले. विस्कॉन्सिनमध्ये कमी खाणारी माकडं जास्त जगली, तर राष्ट्रीय वार्धक्य संस्थेत आयुष्यात फरक दिसला नाही. असं का? खाद्यच बघा ना. विस्कॉन्सिनच्या खाद्यात जवळपास २८ टक्के साखर, दुसरीकडे साधारण ४ टक्के. शिवाय विस्कॉन्सिनची तुलनेसाठी ठेवलेली माकडं हवं तेवढं खायची. संस्थेत त्यांनाही मोजूनच मिळायचं. म्हणजे फायदा पोट मारण्याचा होता, की फक्त अति न खाण्याचा? मला तरी दुसरं जास्त पटतं.

आता औषधं. आपल्या पेशीत एमटॉर नावाचं प्रथिन असतं. अन्न मुबलक असलं की ते पेशीला वाढायला लावतं. अन्न कमी पडलं की ते मंदावतं, आणि पेशी स्वतःचेच खराब झालेले भाग मोडून वापरायला घेते. रॅपामायसिन हे औषध पोट भरलेलं असतानाही एमटॉरला आवर घालतं. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूत हे सापडलं. २००९ मध्ये ते ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशेबात साठीच्या उंदरांना दिलं. इतक्या उशिरा सुरू करूनही माद्यांचं कमाल आयुष्य १४ टक्क्यांनी वाढलं, नरांचं ९!

पण कृपा करून गोळी मागवू नका. किडनी बदललेल्यांची प्रतिकारशक्ती दाबायला हे औषध देतात. तोंड येतं, कोलेस्टेरॉल वाढतं, जखमा लवकर भरत नाहीत. माणूस त्याने जास्त जगतो हे अजून कुणीही दाखवलेलं नाही. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनचं नावही खूप ऐकू येतं, पण उंदरांवर रॅपामायसिन ज्यात तपासलं त्याच चाचणी कार्यक्रमात एकट्या मेटफॉर्मिनने आयुष्य ठळकपणे वाढलं नाही.

माणसांवरच्या कॅलरी नावाच्या चाचणीत दोन वर्षं २५ टक्के कमी खायचं ठरलं होतं, जमलं सरासरी १२ टक्के. रक्तदाब, कोलेस्टेरॉल सुधारलं, पण हाडांची घनताही घटली. आणि २०२४ च्या एका मोठ्या अभ्यासात, कमी खाऊनही ज्यांचं वजन टिकलं तेच उंदीर सगळ्यात जास्त जगले. त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांचं वजन आपोआप उतरत असेल, तर त्यांना उपास सुचवू नका, आधी डॉक्टरांकडे न्या.