नादारीचा अर्ज आणि मोंढ्यातले प्रश्न

मंडळी, येताना मोंढ्यात चहाला थांबलो होतो. एका आडत दुकानदारानं हळूच विचारलं, "वकीलसाहेब, दिवाळं काढलं की सगळं माफ का हो?" तिथूनच सुरुवात करतो.

कायद्याचा शब्द 'नादारी'. मुंबई शहराबाहेर अजून 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच चालतो, अर्ज जिल्हा न्यायालयात. 2016 च्या नव्या दिवाळखोरी संहितेबद्दल तुम्ही वाचलं असेल. तिचा व्यक्तींसाठीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला, पण फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. बाकी आपण सगळे जुन्या कायद्यातच. त्यात 500 रुपयांचं कर्ज असलं तरी अर्ज चालतो. 1920 ला 500 रुपयांत काय काय यायचं, ते आजोबांना विचारायला हवं होतं.

कोर्टानं नादार ठरवलं की मालमत्ता कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. पण अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, बाईचं मंगळसूत्र, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं आणि शेतकरी राहतो ते घर, याला हात लागत नाही. तारण दिलेल्या मालमत्तेचं मात्र वेगळं. ज्याच्याकडं तारण, तो नादारीतही ती विकून वसुली करू शकतो.

आता खरी गोम. अर्ज करायचं ठरलं की माणूस आधी काय करतो? प्लॉट मेहुण्याच्या नावावर, ट्रॅक्टर भावाच्या नावावर! मग माझ्याकडं येतो आणि शहाणपणा केल्यासारखा सांगतो. अहो, अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांतलं असं हस्तांतर कोर्ट रद्द करू शकतं. खरेदीदार प्रामाणिक असेल, त्यानं खरोखर मोबदला मोजला असेल, तरच तो वाचतो. ज्यांचं देणं लागतो त्यांतल्या मर्जीतल्या एकालाच झुकतं माप म्हणून अर्जाआधीच्या तीन महिन्यांत पैसे चुकते केले, तर तेही उलटतं. लपवाछपवी सिद्ध झाली तर वर्षापर्यंत कैद. नुसतं देणं फिटत नाही म्हणून तुरुंग नसतो; ऐपत असून बुडवलं तर गोष्ट वेगळी. चेक परत गेल्याचा खटला फौजदारी, तो नादारीनं आपोआप थांबत नाही.

शेवटी कर्जातून मुक्तीचा हुकूम मिळतो, पण तोही वेगळा अर्ज करून. सरकारी देणं, फसवणुकीचं देणं आणि पोटगी त्यातही सुटत नाही. आणि जामीनदार? तो बांधलेलाच राहतो. आपल्याकडं जामीन म्हणजे "एक सही कर की रे". ती सही केलेला शाळामास्तर पुढं कोर्टात भेटतो. त्याच्या पगाराचे पहिले 1000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीतून सुटतात. म्हणजे 25,000 पगार असेल तर महिन्याला 8,000 पर्यंत जाऊ शकतात.

सावकाराचं देणं असेल तर नादारीच्या आधी सहकार खात्याचं निबंधक कार्यालय गाठा. परवाना नसताना सावकारी करून जमीन लिहून घेतली असेल, तर 2014 च्या सावकारी कायद्यानं 15 वर्षांपर्यंतचे व्यवहार तपासून ती परत मिळू शकते.

मागच्या रांगेतल्या काकू विचारतायत, मालक गेले, सोसायटीचं कर्ज आहे, पोरानं फेडायचं का? वडिलांकडून जेवढं आलं, तेवढ्यापुरतंच. पोराच्या कमाईला हात नाही. पण काकू, जामीनदार म्हणून त्याची सही तर नाही ना? उद्याच सोसायटीतून कर्जाच्या कागदांची नक्कल मागा.