रुपया पुरवठ्याला कुठे येतो?

(विलेपार्ल्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. ओळख करून देताना अध्यक्ष मला जगप्रवासी म्हणाले. तसं काही नाही. फोर्टातल्या एका बँकेत परकीय चलन विभागात मी एकतीस वर्षं काढली. दुसऱ्यांच्या प्रवासाचे डॉलर मोजून दिले आणि स्वतःचा पासपोर्ट काढला तो निवृत्तीच्या वर्षी. तेव्हा मला प्रवासातलं जे काही कळतं, त्याची सुरुवात काउंटरच्या आतल्या बाजूने झाली आहे, हे लक्षात ठेवून ऐका.

गेल्या काही वर्षांत मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, ‘आपला रुपया कुठे जास्त चालतो हो?’ विचारणाऱ्याच्या मोबाइलवर एक यादी असते. व्हिएतनाममध्ये एका रुपयाला जवळजवळ ३०० डाँग. लाओसमध्ये दोनशेच्या वर किप. इंडोनेशियात पावणेदोनशेच्या वर रुपिया. आणि यादीच्या शेवटी, इथे तुम्ही राजासारखे राहाल! आमच्या इमारतीतले एक काका ही यादी घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, पन्नास हजार रुपये नेले तर दीड कोटी होतात. मी म्हटलं, होतात ना. पण तिथे कॉफी पंचवीस हजाराला आहे.

नोटेवर किती शून्यं आहेत यावरून स्वस्ताई ठरत नाही. त्या देशात केव्हातरी महागाई होऊन गेली आणि सरकारने नोटेवरची शून्यं पुसली नाहीत, इतकाच त्याचा अर्थ. तुर्कस्तानने २००५ साली आपल्या लिराची सहा शून्यं पुसली. एका रात्रीत दहा लाखांचा एक लिरा झाला, पण म्हणून चहा कुणाला महाग पडला नाही की स्वस्त मिळाला नाही. उलटं उदाहरण जपानचं. एका रुपयात दीडापेक्षा जास्त येन येतात, म्हणजे यादीच्या हिशेबाने तिथे आपण मोठे. पण तिथल्या रेल्वेचा सात दिवसांचा पर्यटक पास ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येनांचा झाला. हे साधारण अठ्ठावीस-एकोणतीस हजार रुपये माणशी होतात. येनसुद्धा २०२४ मध्ये डॉलरसमोर १९८६ नंतरच्या नीचांकाला गेला, म्हणून इतकं तरी झेपतं.

मग मोजायचं कशावर? मी हजामतीवर मोजतो. हसू नका. पेट्रोल, मोबाइल, विमानाचं तिकीट या वस्तू जगभर फिरतात. त्यामुळे कर सोडले तर त्यांची किंमत सगळीकडे आसपासच राहते. पण पार्ल्यात दीडशे रुपयांत होणारी हजामत ओस्लोतून मागवता येत नाही, आणि ओस्लोच्या न्हाव्याला पार्ल्यात आणता येत नाही. माणसाच्या हातची कामं, म्हणजे केस कापणं, स्वयंपाक, खोली झाडणं, रिक्षा हाकणं, यांचा भाव त्या गावची मजुरी ठरवते. अर्थशास्त्री यालाच क्रयशक्तीची तुलना म्हणतात आणि त्यासाठी जागतिक बँक मोठमोठे तक्ते काढते. त्या तक्त्यांचं आपल्यापुरतं सार सांगतो. अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं ते भारतात सरासरी २० ते २२ रुपयांत मिळतं. बाजारात मात्र त्या डॉलरला डिसेंबर २०२५ मध्ये ९० रुपये पडायला लागले.

याचा अर्थ नीट पाहा. रुपया खरा पुरवठ्याला येतो तो इथे, आपल्या स्टेशनाबाहेर. सीमा ओलांडली की बहुतेक ठिकाणी तो आटतोच. त्यामुळे रुपया कुठे वाढतो हा प्रश्न सोडून द्या आणि तो कुठे कमी आटतो ते विचारा. असा प्रश्न विचारला की यादी एकदम छोटी होते आणि खरी होते.

व्हिएतनामचं जरा सविस्तर सांगतो, कारण मी तिथे अठरा दिवस होतो आणि रोज रात्री वहीत हिशेब लिहीत होतो. आमची ही म्हणते, मी देवळं कमी पाहिली आणि पावत्या जास्त. हनोईच्या जुन्या भागात रस्त्यावरचा फोचा, म्हणजे तांदळाच्या शेवयांच्या सूपचा, वाडगा ५०,००० डाँग, म्हणजे १७० रुपये. पावात मांस आणि भाज्या भरून देतात तो बान्ह मी २५,००० डाँग, म्हणजे ८५ रुपये. आता वडापावाशी तुलना केलीत तर हे महाग झालं! पण स्वच्छ, वातानुकूलित, नाश्त्यासकट खोली मला दोन हजारांच्या आत मिळाली. मुंबईत त्या पैशांत कुठली खोली मिळते ते तुम्हाला माहीत आहे. म्हणजे तिथे आपला रुपया जेवणात थोडा आटतो आणि राहण्यात फुलतो. प्रवासात खोलीचा खर्च सगळ्यात मोठा, त्यामुळे एकूण गणित आपल्या बाजूने सुटतं.

शाकाहारी मंडळींचं काय, हा पुढचा प्रश्न मला पाठ आहे. व्हिएतनामी भाषेत ‘चाय’ असा एक शब्द आहे, त्याचा चहाशी संबंध नाही. चाय म्हणजे शाकाहारी. दुकानावर ती पाटी दिसली की बिनधास्त आत शिरायचं. बौद्ध परंपरेमुळे तिथली पुष्कळ माणसं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार करत नाहीत. पंधरावा दिवस म्हणजे आपली पौर्णिमाच. त्या दिवशी या दुकानांत आपल्याकडच्या एकादशीसारखी गर्दी असते. दोघांचं पोटभर जेवण साडेतीनशे रुपयांत झालं. पाटी नसेल तिथे मात्र विचारून घ्या, कारण माशांपासून केलेला नुओक माम साध्या भाजीतही घालतात. आणि तीन गल्ल्या पलीकडे भारतीय हॉटेल होतं, तिथे डाळ-भाताला या जेवणाच्या तिप्पट मोजावे लागले. ज्यांच्या टूरबरोबर महाराज असतो आणि रोज रात्री पोळी-भाजी मिळते त्यांची मी चेष्टा करत नाही, सत्तरीत पथ्य सांभाळावं लागतं. पण तिथली मंडळी जे विकत घेतात ते घेतलंत तरच तिथली स्वस्ताई तुमच्या वाट्याला येते. विदेशात बसून पार्ल्याचं जेवण जेवायचं तर त्याचा भाव विदेशी पडणार.

एक सावधगिरीची गोष्ट. व्हिएतनामची २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० चीही निळसर. एकतीस वर्षं नोटा मोजलेला माणूस मी, एका संध्याकाळी फुटपाथवरच्या कॉफीवालीला वीस हजारांऐवजी पाच लाख देऊन चालू लागलो. पंधराशेच्या वर रुपये होतात. ती बाई गिऱ्हाइकं सोडून मागे धावत आली, नोट माझ्या हातात कोंबली आणि काहीतरी रागावून बोलली. भाषा कळली नाही, पण सूर आमच्या आईचा होता.

आता आतबट्ट्याची बाजू. देश स्वस्त असतो, पण ज्यासाठी आपण जातो ती वस्तू डॉलरमध्ये विकली जाते. कंबोडियात जेवण स्वस्त, रिक्षा स्वस्त. मात्र अंगकोरची देवळं पाहायला एका दिवसाला ३७ डॉलर आणि तीन दिवसांच्या पासाला ६२ डॉलर लागतात. माणशी साडेपाच हजारांच्या वर गेले. देवळं पाहण्यासारखी आहेत, अवश्य जा, पण हा आकडा घरीच मांडून जा. तुर्कस्तानात हा प्रकार पराकोटीला गेला आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी पंचवीस रुपयांच्या घरातला लिरा आज दोन-सव्वादोन रुपयांवर आला. ऐकून वाटेल, चला, इस्तंबूल दहापट स्वस्त झालं! पण ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथली महागाई वर्षाला ८५ टक्क्यांच्या वर होती. लिरा जितका पडला तितक्या किमती चढल्या, आणि पर्यटकांच्या गोष्टी तर युरोला बांधल्या गेल्या. जानेवारी २०२४ पासून इस्तंबूलच्या हागिया सोफिया मशिदीत परदेशी माणसाला २५ युरो पडतात. घसरलेलं चलन आपल्या उपयोगी पडतं ते घसरण आणि भाववाढ यांच्या मधल्या काळात. तिथल्या दुकानदाराने पाट्या बदलल्या की तो काळ संपला. इजिप्तने मार्च २०२४ मध्ये आपल्या पाउंडाचा दर बाजारावर सोडून दिला आणि डॉलरला ३१ होते ते पन्नासच्या घरात गेले. तेव्हा जे लगेच गेले त्यांचं साधलं.

रागावू नका, पण परदेशी माणसाला वेगळं तिकीट हे आपणही करतो. ताजमहालला आपल्याला ५० रुपये आणि परदेशी पाहुण्याला ११००. सार्क देशांच्या लोकांना आपण त्यात सवलत देतो, तशी ती आपल्यालाही मिळते. श्रीलंकेत सिगिरियाला आणि नेपाळात भक्तपूरला पासपोर्ट खिडकीवर दाखवा. खिशात ठेवलात तर पूर्ण पैसे जातील.

शेजाऱ्यांचं भराभर सांगतो. नेपाळ सगळ्यात सोपं. १९९३ पासून दर ठरलेला, आपला एक म्हणजे त्यांचे एक रुपया साठ पैसे. दराची काळजीच नाही, मतदार ओळखपत्रावरही जाता येतं. भूतानचा नुलत्रुम आपल्या रुपयाच्या बरोबरीचा, पण भारतीयाला रात्रीला माणशी १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे. दोघांच्या सहा रात्री म्हणजे १४,४०० रुपये, खोली आणि जेवण वेगळं. श्रीलंकेत २०२२ च्या संकटानंतर आपला रुपया त्यांच्या साडेतीनच्या आसपास गेला. तिथे ऋतू सांभाळा. आपल्या पावसाळ्यात कोलंबो-गॉलची बाजू ओली असते, तेव्हा त्रिंकोमालीचा किनारा कोरडा असतो.

दुबईबद्दल विचारणारे फार असतात, म्हणून थोडं विषयांतर करतो. कुवेत, बहारीन, दुबई, मस्कत इथे एकेकाळी आपलाच रुपया चालायचा. सोन्याची चोरटी आयात फार झाली म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या भागासाठी वेगळा गल्फ रुपया काढला, किंमत तीच. ६ जून १९६६ ला सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलरला ४.७६ होते ते ७.५० झाले, कुवेत आणि बहारीनने आपला रुपया आधीच सोडला होता, त्यानंतर तिकडच्या बाकीच्या राज्यांनीही एकामागून एक तो सोडला. आज दिरहॅम डॉलरला ३.६७ या दराने बांधलेला आहे. म्हणून आपला रुपया डॉलरपुढे पडला की दुबई त्याच दिवशी महागते. जानेवारी २००८ मध्ये डॉलर ४० च्या खाली होता. तेव्हाच्या दुबईच्या गोष्टी सांगणाऱ्या मित्रावर आज विसंबू नका.

विमानभाडं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायला इथेच सुरुवात होते. स्वस्त देश लांब असेल तर तिकिटाचा बोजा दिवसांवर वाटला गेला पाहिजे. जाऊन-येऊन तीस हजार पडले आणि पाच दिवस राहिलात, तर रोजचे सहा हजार नुसतं पोचण्याचे. पंधरा दिवस राहिलात तर दोन हजार. नोकरी करणाऱ्या मुलांना हे जमत नाही, मे महिना आणि दिवाळीची सुट्टी यांत ते अडकलेले. आपल्याला ना शाळा ना रजेचा अर्ज. व्हिएतनामला मुंबईहून थेट विमान आहे, पाचेक तासांत पोचतं. माझी तर अशी सूचना आहे की तीन देश दहा दिवसांत पाहण्यापेक्षा एका देशात तीन आठवडे राहा. आठवड्याच्या भावाने खोली घ्या, दुसऱ्या दिवसापासून भाजीवाली ओळखायला लागते.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट, कारण वाचवलेले पैसे इथेच गळतात. परदेशात कार्ड दिलं की मशीन विचारतं, रुपयात घेऊ की स्थानिक चलनात? रुपये बघून आपल्याला बरं वाटतं, आपण ते बटण दाबतो. दाबू नका! रुपयांचा तो दर मशीनवाल्याने लावलेला असतो, त्यात त्याचं कमिशन बसलेलं असतं. कायम स्थानिक चलन निवडा. साध्या क्रेडिट कार्डावर बँकही २ ते ३.५ टक्के आकारते आणि वर जीएसटी, तेव्हा निघण्याआधी आपल्या कार्डाचा आकार विचारून ठेवा. एका हॉटेलात मी स्वतः, हे सगळं माहीत असून, घाईत रुपयांचं बटण दाबलं. खोलीवर येऊन हिशेब केला तर सातशे रुपये जास्त गेले होते. हिने वहीत ते ‘शिकवणी’ या सदराखाली लिहिलं.

समोरच्या ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, रोख किती न्यावी? एका खेपेला ३००० डॉलरपर्यंत परकीय नोटा नेता येतात, पण इतक्या कशाला? डाँग किंवा किप इथून घेऊ नका, मिळाले तरी भाव वाईट. शंभराच्या कोऱ्या, न दुमडलेल्या डॉलरच्या नोटा न्या आणि तिथे गावात बदला, विमानतळावर फक्त टॅक्सीपुरत्या. आणि आणलेलं चलन तिथेच संपवून या. माझ्याकडे अजून ४०,००० डाँग पडले आहेत, फोर्टात तीन ठिकाणी विचारलं, कुणी हात लावेना. तुमच्यापैकी कुणी हनोईला निघालं असेल तर जाताना घेऊन जा. विकत देणार नाही, तसा परवाना माझ्याकडे नाही. दोघांच्या सकाळच्या कॉफीला दहा हजार कमी पडतील, तेवढे तुमचे घाला.