आधी काय, मग काय

नमस्कार श्रोतेहो.

निबंध लिहायला बसलेल्या माणसाला विचारलं, 'अडलंय कुठे?' तर बहुतेक वेळा उत्तर येतं, 'काही सुचत नाही.' मला हे उत्तर फारसं पटत नाही. सुचलेलं पुष्कळ असतं. पाच-दहा मुद्दे डोक्यात घोळतच असतात. अडतं ते यातलं आधी काय सांगू आणि मग काय, या प्रश्नापाशी. मुद्दे जमवणं हे एक काम आणि ते लावणं हे दुसरं. हे दुसरं काम आपण बहुधा करतच नाही; जसं आठवेल तसं लिहीत जातो. आज बोलणार आहे ते या लावण्याबद्दल.

थेट एक परिच्छेदच घेऊ. विषय, रात्री अंथरुणात पडून फोन पाहणं. वाक्यं मुद्दाम विस्कटून सांगतो.

'सकाळी उठल्यावर डोकं जड असतं. फोन आता गजराचंही काम करतो. पडद्याचा प्रकाश डोळ्यांवर पडत राहिला की मेंदूला वाटतं, अजून दिवसच आहे. झोपण्याआधी तासभर फोन लांब ठेवावा. अंथरुणात फोन पाहत पडलं की झोप उशिरा लागते. रात्र झाल्याचा निरोप शरीराला देणारं मेलाटोनिन नावाचं संप्रेरक उशिरा स्रवू लागतं.'

यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. व्याकरणही ठीक आहे. तरी ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आता तीच वाक्यं पुन्हा लावू, पण या वेळी ऐकणाऱ्याच्या मनात काय येतंय याकडे कान ठेवून.

'अंथरुणात फोन पाहत पडलं की झोप उशिरा लागते.' लगेच मनात येतं, का? 'कारण पडद्याचा प्रकाश डोळ्यांवर पडत राहिला की मेंदूला वाटतं, अजून दिवसच आहे.' वाटलं तर वाटलं, त्यानं काय होतं? 'मेलाटोनिन उशिरा स्रवू लागतं.' बरं, मग? 'सकाळी उठल्यावर डोकं जड असतं.' यावर उपाय काय? 'झोपण्याआधी तासभर फोन लांब ठेवावा.'

गजराचं वाक्य राहिलं. ते काढून टाकावं असं वाटतं, आणि पुष्कळदा तेच योग्य असतं. आवडलेलं वाक्य सोडवत नाही म्हणून ते कुठेतरी कोंबणं ही लिहिणाऱ्यांची जुनीच खोड आहे. पण इथे थोडं थांबा. फोन लांब ठेवा म्हटल्यावर ऐकणारा काय म्हणेल? 'अहो, पण गजर त्यातच लावलेला असतो!' म्हणजे गजराच्या वाक्याची जागा इथे, अगदी शेवटी आहे. त्याला जोडून म्हणता येईल, 'गजरासाठी फोन हवाच असेल, तर तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. बंद करायला उठावंच लागेल.' दुसऱ्या क्रमांकावर असताना जे वाक्य अडगळ वाटत होतं, तेच आता एका शंकेचं उत्तर देतंय.

माझं म्हणणं एवढंच आहे. क्रम ठरतो तो वाचणाऱ्याच्या मनात पुढचा प्रश्न कोणता उठतो त्यावरून. तुम्हाला काय आधी आठवलं, याच्याशी वाचणाऱ्याला कर्तव्य नसतं.

अर्थात, क्रम एकच असतो असं नाही. हाच परिच्छेद 'सकाळी उठल्यावर डोकं जड असतं' इथून सुरू केला आणि मागे मागे जात कारण शोधलं, तर तोही उत्तम होईल. फक्त वाचक बदलेल. ज्याला त्रास होतोय तो परिणामापासून आत येतो. ज्याला शरीर कसं चालतं याचं कुतूहल आहे, तो कारणापासून.

आता परिच्छेदाकडून निबंधाकडे येऊ. इथे मी एक साधी चाचणी वापरतो. प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला 'शिवाय' हा शब्द ठेवून पाहायचा. सगळीकडे तो चपखल बसला तर समजावं, की निबंध नाही, नुसती यादी झाली आहे. तिसरा परिच्छेद उचलून पाचव्याच्या जागी ठेवला तरी कुणाला कळणार नाही. चांगल्या निबंधात काही ठिकाणी 'म्हणून' लागतं, काही ठिकाणी 'पण', कुठे 'असं असूनही', कुठे 'याचं कारण'. आणि हे शब्द वरून चिकटवून चालत नाहीत, हेही सांगायला हवं. दोन परिच्छेदांत नातंच नसेल, तर मध्ये 'म्हणून' घातल्यानं ते निर्माण होत नाही. उलट वाचणारा आणखी चिडतो.

नाती तरी किती प्रकारची? फार नाहीत. घडलेलं सांगायचं असेल तर काळाचा क्रम, एखाद्या जागेचं वर्णन असेल तर दारातून आत किंवा डावीकडून उजवीकडे. हे दोन सगळ्यांनाच जमतात, त्यावर वेळ घालवत नाही. तुलना मात्र अवघड.

बस आणि रेल्वे यांची तुलना करायची आहे असं समजा. एक रीत अशी, की आधी बसबद्दल सगळं सांगायचं, मग रेल्वेबद्दल सगळं. दुसरी अशी, की आधी वेळ, मग खर्च, मग सोय, आणि प्रत्येक मुद्द्यात दोघांना शेजारी उभं करायचं. लेख पानभराचा असेल तर पहिली रीत चालते, दोन्ही चित्रं सलग उभी राहतात. लेख लांबला की ती फसते. रेल्वेचा खर्च येईपर्यंत बसचा खर्च वाचणारा विसरलेला असतो, तुलना त्याच्या डोक्यात होतच नाही. मग लिहिणाराच 'वर सांगितल्याप्रमाणे' असं म्हणत सारखा मागे धावतो. 'वर सांगितल्याप्रमाणे' दोनदा आलं, की मी तरी रीत बदलायला सांगतो.

महत्त्वाप्रमाणे मुद्दे लावायचे झाले, तर सगळ्यांत दमदार मुद्दा कुठे ठेवायचा, यावर फार जुन्या काळापासून खल चालू आहे. बातमीत तो सगळ्यांत वर. वृत्तपत्रवाले याला उलटा पिरॅमिड म्हणतात. वाचणारा अर्ध्यात उठला तरी मुख्य गोष्ट त्याला कळलेली असते, आणि जागा कमी पडली तर खालचे परिच्छेद बेलाशक कापता येतात. वक्तृत्वाच्या जुन्या युरोपीय परंपरेत दुसरी रचना आहे, तिला नेस्टरचं नाव आहे. होमरच्या 'इलियड' या ग्रीक महाकाव्यात हा म्हातारा नेस्टर सैन्य लावताना रथी पुढे ठेवतो, शूर पायदळ मागे, आणि कच्चे गडी मध्ये, म्हणजे त्यांना पळायला वाव नाही. तसंच मुद्द्यांचं: जोरकस मुद्दा आरंभी, सर्वांत जोरकस शेवटी, आणि लंगडे मध्ये. युक्ती चांगली आहे. पण मला विचाराल तर लंगडा मुद्दा मध्ये लपवण्यापेक्षा गाळावा. सावध वाचक नेमका त्यालाच पकडतो आणि बाकीच्यांवरही संशय घेतो.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या जुन्या शास्त्रात, तर एक मुद्दा सिद्ध करण्यासाठी पाच पायऱ्या सांगितल्या आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. शास्त्रातला नेहमीचा दाखला डोंगराचा. 'डोंगरावर आग आहे', ही प्रतिज्ञा. 'कारण तिथे धूर आहे', हा हेतू. 'जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात', हे उदाहरण. 'या डोंगरावरही तसाच धूर आहे', हा उपनय. 'म्हणून डोंगरावर आग आहे', हे निगमन. मुद्दा पटवणाऱ्या परिच्छेदाचा यापेक्षा बांधेसूद नमुना शोधून सापडणार नाही. आपल्या लिखाणात बहुधा काय सुटतं, तर उपनय. नियम सांगतो, उदाहरण देतो, आणि ते आपल्या विषयाला कसं लागू पडतं हे सांगायचंच विसरतो. 'मोठमोठे लोक पहाटे उठत असत' एवढं लिहून आपण पुढे जातो. उठत असतील, पण त्याचा आपल्या मुद्द्याशी संबंध काय? ते एक वाक्य लिहायला हवं.

मीमांसकांच्या, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांच्या, चर्चेत आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. विषय मांडला, संशय मांडला, की सिद्धान्ताच्या आधी पूर्वपक्ष येतो, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, तेही त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. आजच्या निबंधांत विरोधी मत बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या परिच्छेदात येतं, घाईघाईनं, 'काही लोक म्हणतात' असं करून. तोवर वाचणाऱ्याच्या मनात ती शंका केव्हाच येऊन गेलेली असते आणि मधली दोन पानं त्यानं ती मनात धरूनच वाचलेली असतात. ज्या ओळीवर शंका येते, त्याच्या पुढच्याच ओळीत तिची दखल घ्यावी. आपलं गजराचं वाक्य याच जागेवर बसलं होतं.

हे सगळं कागदावर कसं करायचं? एका चिठ्ठीवर एक मुद्दा, पूर्ण वाक्यात. 'प्रदूषण' असा नुसता शब्द नको, कारण शब्दाला जागा ठरवता येत नाही. 'धुरापेक्षा धुळीनं हवा जास्त बिघडते' असं विधान हवं. मग चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या आणि हलवत राहायच्या. निक्लास लुहमान या जर्मन समाजशास्त्रज्ञानं आयुष्यभरात अशा सुमारे 90 हजार चिठ्ठ्या लिहिल्या आणि त्यांना क्रमांक देऊन एकमेकींशी जोडल्या. आपल्याला निबंधापुरत्या दहा पुरतात.

काहींना आधी आराखडा करणं जमतच नाही, लिहिता लिहिताच त्यांना विचार स्पष्ट होतो. त्यांनी खुशाल आधी लिहावं. कच्चा खर्डा झाला की प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एका ओळीत लिहावं, की हा परिच्छेद काय म्हणतो. मग फक्त समास वाचायचा. ज्या परिच्छेदासमोर दोन ओळी लिहाव्या लागल्या, तो तोडायचा. दोन परिच्छेदांसमोर एकच ओळ आली तर ते जोडायचे. आणि ज्याच्यासमोर काहीच लिहिता आलं नाही, त्याचं काय करायचं हे सांगायला नको. बहुतेक वेळा तो पहिलाच परिच्छेद निघतो, 'आजच्या धावपळीच्या युगात' वगैरे.

क्रमाची गोष्ट वाक्यातही उतरते. 'पुस्तक मी तिला दिलं' आणि 'तिला मी पुस्तक दिलं', ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणून पाहा. पहिल्यात भर 'तिला'वर, दुसऱ्यात 'पुस्तक'वर. मराठीत क्रियापदाच्या अगदी अलीकडे जे येतं, त्यावर बहुधा जोर पडतो. म्हणून ओळखीचं वाक्याच्या सुरुवातीला आणि नवं क्रियापदाजवळ ठेवलं, की पुढचं वाक्य त्या नव्याला धरून उचलता येतं आणि परिच्छेद वाहता राहतो.

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी एक सांगून थांबतो. तिथे चिठ्ठ्या पसरायला टेबल नसतं, वेळही नसतो. अशा वेळी शेवटच्या पानावर चार-पाच विधानं लिहा, त्यांना क्रमांक द्या आणि निबंध संपल्यावर तो मजकूर खोडा. उत्कंठा वाढवत नेऊन शेवटी मत सांगण्याच्या फंदात पडू नका. घंटा वाजली की वही काढून घेतात. तुमचं मत पहिल्या परिच्छेदात असेल, तर तपासणाऱ्यापर्यंत ते पोचलेलं असतं.