पंख्यांवरच्या चिरा

श्रोतेहो, नमस्कार.

डोंगरउतारावरून आलेला पाण्याचा लोंढा सपाटीला लागला की त्याचा जोर ओसरतो आणि बरोबर आणलेले गोटे, खडी व वाळू तो तिथेच टाकून देतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. वाळवंटी प्रदेशात एरवी कोरडी ठणठणीत असलेली घळ एखाद्याच मुसळधार सरीने भरून वाहते आणि तिच्या तोंडाशी अशा गाळाचे थरावर थर साचत जातात. माथा घळीच्या तोंडाशी आणि घेर मैदानात, अशा हातपंख्याच्या आकाराचा हा उतार म्हणजे भूगोलातले पंखाकृती मैदान. आज मी त्याला नुसता पंखा म्हणणार आहे. या पंख्याचा आकार पाहून त्याच्यामागचा डोंगर अजून वर उचलला जातो आहे की त्याची उचल केव्हाच थांबली आहे, याचा अंदाज बांधता येतो. वाळवंटात झाडोरा नसतो, नांगर फिरत नाही, पाऊस थोडा असतो. म्हणून तिथे हा आकार हजारो वर्षे डोळ्यांसमोर राहतो.

एवढी एकच गोष्ट मनात धरून ठेवावी, की डोंगर किती वेगाने उचलला जातो आणि पाणी त्याला किती वेगाने झिजवते, या दोहोंच्या ओढाताणीतून पंख्याला आकार येतो. हे एकदा मनात बसले, की ज्या हकिगतीसाठी मी हा विषय निवडला, ती सांगायला मी मोकळा झालो.

हकिगत आहे ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकाची. २६ मार्च १८७२ रोजी, पहाटे अडीचच्या सुमारास, कॅलिफोर्नियातील ओवेन्स खोऱ्यात मोठा भूकंप झाला. सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी लोन पाइन नावाचे लहानसे गाव होते. कच्च्या विटांच्या त्या गावातील ५९ घरांपैकी ५२ घरे कोसळली आणि सुमारे २७ माणसे दगावली. १८८३ साली गिल्बर्ट ती जागा पाहायला गेले. गावाच्या पश्चिमेला, पर्वतातून येणाऱ्या ओढ्याने ग्रॅनाइटचे मोठमोठे धोंडे पसरून जो पंखा घडवला आहे, त्याच्या अंगावरून एक उभा कडा आडवा गेलेला आहे. वरून खाली सलग उतरत जायला हवा असा उतार मध्येच तुटतो, सुमारे सहा मीटर खाली येतो आणि तिथून पुढे पुन्हा पूर्वीसारखा उतरू लागतो. कोणताही ओढा स्वतःच्या पंख्यावर अशी पायरी बांधत नाही. पंख्याचा वरचा भाग पर्वताबरोबर उचलला गेला होता आणि खालचा भाग खोऱ्याबरोबर खचला होता. हा कडा एकाहून अधिक भूकंपांनी मिळून घडवला, असे पुढील संशोधनातून दिसून आले. पण १८७२ चा भूकंप त्यांतला शेवटचा.

गिल्बर्ट यांना अशा पायऱ्या परक्या नव्हत्या. यूटा प्रांतात वॉसॅच पर्वताच्या पायथ्याने हिंडताना त्यांनी घळींच्या तोंडाशी खडीचे उतार कापत गेलेले असेच लहान कडे पाहिलेले होते. त्या काळी भूकंपामुळे जमीन फाटते, असा सर्वसाधारण समज होता. गिल्बर्ट यांनी कार्यकारण उलटे मांडले. पर्वत हळूहळू वर ढकलला जातो, भ्रंशाच्या, म्हणजे ज्या भेगेवर खडक एकमेकांवरून सरकतात तिच्या, पृष्ठावरील घर्षण त्याला अडवून धरते, ताण साचतो, आणि ज्या क्षणी घर्षण हरते त्या क्षणी पर्वत काही फूट वर सरकतो. त्या सरकण्याचा हादरा म्हणजे भूकंप.

सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी हा विचार वॉसॅचच्या पायथ्याशी वसलेल्या सॉल्ट लेक शहरातील ‘सॉल्ट लेक ट्रिब्यून’ या वृत्तपत्रात छापून आणला. त्यातील युक्तिवाद आजही वाचावा असा आहे. वॉसॅचच्या पायथ्याशी बहुतेक ठिकाणी ताजे कडे आहेत. शहराच्या पाठीशी, वॉर्म स्प्रिंग्जपासून एमिग्रेशन कॅनियनपर्यंतच्या पट्ट्यात मात्र ते आढळत नाहीत. सामान्य माणूस म्हणेल, कडा नाही म्हणजे धोका नाही. गिल्बर्ट म्हणाले, कडा नाही म्हणजे फार काळात ताण मोकळा झालेला नाही, म्हणून धोका तिथेच अधिक आहे. आणि नागरिक यावर काय करणार, असा प्रश्न त्यांनीच विचारला व त्यांनीच उत्तर दिले, की बहुधा काहीच नाही. वीट, दगड आणि कच्च्या विटा सोडून सगळी नवी घरे लाकडाची बांधायला कोणी निघणार नाही.

त्यांनी तारीख दिली नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. हल्ली कोठे जरा जमीन हलली, की पुढच्या भूकंपाचा वार आणि वेळ सांगणारे संदेश मोबाइलवर फिरू लागतात, आणि सुशिक्षित माणसेही ते पुढे ढकलतात. ज्याला खरोखर काही कळते, तो जागा सांगतो. तारीख सांगत नाही.

पुढे संशोधकांनी त्या पायथ्याशी चर खोदून तुटलेल्या थरांचे वय काढले. सॉल्ट लेक शहराजवळच्या भागात मोठे भूकंप सरासरी तेराशे वर्षांच्या आसपासच्या अंतराने झाले आहेत आणि शेवटच्या भूकंपालाही जवळजवळ तेवढाच काळ लोटला आहे. वॉसॅच परिसरात कोठेतरी ६.७५ किंवा त्याहून अधिक क्षमतेचा भूकंप २०१४ पासूनच्या ५० वर्षांत होण्याची शक्यता ४३ टक्के असल्याचे शास्त्रज्ञांनी २०१६ साली जाहीर केले. १८ मार्च २०२० रोजी सकाळी तिथे ५.७ क्षमतेचा धक्का बसला, तेव्हा शहरातील मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मुख्य मंदिराच्या शिखरावरील देवदूताच्या हातातली तुतारी खाली पडली. तो गिल्बर्ट यांचा भूकंप नव्हे. तो यायचा आहे.

आता उरलेल्या वेळात आकाराविषयी थोडे. कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली उतरते. तिच्या पश्चिमेकडील पॅनामिंट पर्वताचे पंखे कित्येक किलोमीटर लांब, एकमेकांत मिसळलेले. पूर्वेकडील ब्लॅक माउंटन्सचे पंखे लहान, उभट आणि सुटे सुटे. ताट एका अंगाला कलले की वरण त्या कडेला जमते, तसे हे खोरे पूर्वेकडे कलत आहे. पूर्वेच्या पायथ्याशी असलेल्या सक्रिय भ्रंशावर तळ खचत राहतो आणि तिकडच्या पंख्यांची टोके चिखल व मिठाखाली गाडली जातात. थोडक्यात सांगतो: लहान, उभट, माथ्याशीच साचलेला पंखा म्हणजे बहुधा जागा, अजून उचलला जाणारा डोंगर, लांब पसरलेला आणि माथ्याशी ओढ्याने खोल कापलेला पंखा म्हणजे बहुधा शांत डोंगर.

पायथ्याची रेषाही बोलते. डोंगर उचलला जात असेल तर ती सरळ राहते. उचल थांबली की घळी आत शिरतात आणि रेषा नागमोडी होते. विल्यम बुल आणि लेस्ली मॅकफॅडन या भूवैज्ञानिकांनी १९७७ साली कॅलिफोर्नियातील गारलॉक भ्रंशाच्या दोन्ही बाजूंना पायथ्याची नागमोडी लांबी मोजून तिला सरळ अंतराने भागले. उत्तरेकडे भागाकार एकच्या जवळपास आला, म्हणजे डोंगर जागे. दक्षिणेकडे तो बराच मोठा आला.

‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. पाणलोट मोठा असेल किंवा खडक ठिसूळ असेल, तर भ्रंशाचा संबंध नसतानाही पंखा मोठा होतो आणि पॅनामिंटचे पाणलोट मोठेच आहेत. म्हणून पंख्याचे क्षेत्रफळ नेहमी पाणलोटाच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहावे लागते. हवामान बदलले तरी ओढा आपलाच पंखा कापू लागतो. आणि ज्या पश्चिमेला आपण शांत म्हटले, तिथल्याच हनौपा कॅनियनच्या भल्यामोठ्या पंख्यावरून भ्रंशाने उभा केलेला एक कडा आडवा गेलेला आहे.

नमस्कार.