हायड्रेटची उष्णता आणि आपला भाजीपाला

श्रोतेहो, नमस्कार.

थंडीत आणि दाबाखाली पाण्याचे रेणू वायूच्या रेणूंभोवती पिंजरे रचतात आणि बर्फासारखा दिसणारा स्फटिक तयार होतो, त्याला गॅस हायड्रेट म्हणतात. आपल्या चिकोडी-अथणीकडून वाहणारी कृष्णा जिथे समुद्राला मिळते, त्या भागात समुद्रतळाखाली 2006 साली मिथेन हायड्रेटचा मोठा साठा आढळला आणि चर्चा झाली ती त्यातल्या इंधनाची. मला मात्र हायड्रेट बनताना बाहेर पडणाऱ्या उष्णतेविषयी बोलायचे आहे.

एक किलो पाणी गोठताना 334 किलोज्यूल उष्णता सोडते, तर एक किलो मिथेन हायड्रेट तयार होताना सुमारे 430 किलोज्यूल. ही उष्णता इतक्या कमी तापमानाला मिळते की तिच्यावर ना चूल पेटेल ना टर्बाइन फिरेल. तिचा खरा उपयोग उलट्या दिशेने आहे. रात्री वीज उपलब्ध असताना ही उष्णता काढून घेऊन हायड्रेट बनवावे. दिवसा ते वितळताना तेवढीच उष्णता भोवतालातून शोषून घेते आणि शीतगृह थंड राहते.

यासाठी मिथेनपेक्षा कार्बन डायऑक्साइड सोयीचा, कारण त्याचे हायड्रेट शून्य अंशाला वातावरणाच्या सुमारे 12 पट आणि 5 अंशांच्या आसपास 22 पट दाबाला बनते. बर्फ करायला यंत्र शून्याखाली न्यावे लागते, तेवढे इथे न्यावे लागत नाही, म्हणून कॉम्प्रेसरची वीज वाचते. हा वायू आपल्या दाराशी आहे: साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळी आंबते, तेव्हा एक किलो अल्कोहोलमागे जवळजवळ तेवढ्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तो बराच शुद्धही असतो. बेळगावची भाजी रोज घाट उतरून गोव्याला जाते. बाजार पडल्यावर ती दोन दिवस थांबवता आली, तर शेतकऱ्याला पडत्या भावाने विकावी लागणार नाही.

अडचण उष्णतेचीच आहे. ती लगेच काढून घेतली नाही तर मिश्रण तापते आणि हायड्रेट बनणे थांबते. शिवाय थंड नळ्यांवर जमलेला थर उष्णता अडवतो, म्हणून सतत ढवळावे लागते. दाब पेलणारी टाकीही महाग पडते. टेट्राब्युटिल अमोनियम ब्रोमाइड या क्षाराचे हायड्रेट साध्या दाबाला, 12 अंशांच्या सुमारास बनते आणि जपानमध्ये इमारतींच्या वातानुकूलनासाठी वापरले गेले आहे. त्याची साठवण बर्फापेक्षा कमी आणि 12 अंश पालेभाजीला पुरेसे थंड नाहीत, पण टोमॅटोला तेवढे चालते. आपल्याकडे पहिला प्रयोग करायचा झाला, तर तो टोमॅटोपासून करावा, असे मला वाटते.